ईएस पेशींपासून मेसेनकायमल पेशी: तिसऱ्या पॅसेजलाही गोल कॉलन्या का उरतात?

प्रश्न (सोलापूर):
मानवी ईएस (भ्रूणीय मूळ) पेशींपासून मेसेनकायमल, म्हणजे हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या पेशी हव्यात. त्यांना टीजीएफ-बीटा हा पेशींमधला संदेश रोखणारं एसबी-४३१५४२ हे रसायन दिलं, १० मायक्रोमोलर, १० दिवस. मग ०.१% जिलेटिनवर, १०% सीरमच्या अल्फा-एमईएम मीडियममध्ये (पोषक द्रवात) वाढवल्या. तिसरा पॅसेज (पेशी सोडवून नव्या भांड्यात पेरण्याची फेरी) झाला. मेसेनकायमल पेशींच्या पृष्ठभागावरच्या खुणांपैकी सीडी७३ उत्तम, सीडी९० जेमतेम ६०% पेशींवर. लांबट पेशींमध्ये घट्ट, चकचकीत कडेच्या कॉलन्या दिसतात. शिवाय इन्क्युबेटर दुपारी ३८.५ दाखवतो. कुठे चुकतंय?

उत्तर १:
आधी कॉलन्या तपासा. न बदललेल्या ईएस पेशी असतील तर रंगवल्यावर ऑक्ट४ आणि ट्रा-१-६० या मूळ पेशींच्या खुणा उजळतील. एसएसईए-४ या खुणेवर विसंबू नका, ते मेसेनकायमल पेशींवरही सापडतं. मूळ बहुधा पहिल्या पॅसेजमध्ये आहे: गठ्ठे तसेच पेरले की आतल्या पेशी एकमेकींना धरून राहतात, बदलत नाहीत. ट्रिप्सिन या विकरानं सुट्या करा, ४० मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, दर चौरस सेंमीला ४० हजार पेरा. फार विरळ पेरल्या तर चपट्या होऊन वाढच थांबते. वाय-२७६३२ (सुट्या पेशींना मरण्यापासून वाचवणारं रसायन) पहिले २४ तासच. रोज घातलंत तर ज्या मरायला हव्यात त्याच जगतात.

आत्ताच्या फ्लास्कमधल्या कॉलन्यांना खालून मार्करनं खूण करा, टिपनं खरवडून ओढून घ्या, दोनदा पीबीएसनं (क्षारांच्या द्रावणानं) धुवा, मगच ट्रिप्सिन. तरी उगवल्या तर सीडी१०५ असलेल्या, सीडी२४ नसलेल्या पेशी यंत्रानं वेगळ्या (सॉर्ट) कराव्याच लागतील. सीडी९० बऱ्याचदा मागाहून चढतं.

उत्तर २:
इन्क्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. खोली ३७ पेक्षा निदान ५ अंशांनी थंड हवी. आपल्याकडचा मे महिना बघता एसी २४ तास लागतो, आणि जनरेटरवर इन्क्युबेटरसोबत एसीही जोडा. लोक नेमकं तेच विसरतात. डिस्प्लेपेक्षा आत पाण्याच्या बीकरमध्ये ठेवलेला थर्मामीटर खरा. ट्रेमध्ये निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला, नळाच्या जड पाण्याचे क्षार बसतात. लाइट गेली तर दार उघडू नका. कार्बन डायऑक्साइड निसटला की मीडियम जांभळट होतं.

प्रश्नकर्ता:
खूप आभार. पूर्ण तपासणी कधी लावू?

उत्तर १:
कॉलन्या सलग दोन पॅसेज दिसल्या नाहीत की. २००६ च्या आंतरराष्ट्रीय निकषांप्रमाणे सीडी७३, ९०, १०५ किमान ९५% हवेत; सीडी४५, सीडी३४, एचएलए-डीआर या रक्तपेशींकडच्या खुणा फार तर २%. पेशी हाड बनवतात का हे पाहायला २१ दिवस, मग ॲलिझरिन रेड (कॅल्शियम दाखवणारा रंग). कूर्चेसाठी २.५ लाख पेशींची पेलेट (गोळी). ऑइल रेड ओ या रंगानं दिसणारे चरबीचे थेंब बारीक नि थोडे दिसले म्हणून बॅच टाकून देऊ नका. ईएसपासून झालेल्या पेशी चरबीकडे सहसा सहज वळत नाहीत. शेजारी अस्थिमज्जेच्या पेशी कंट्रोल म्हणून लावा.