रात्री छोट्या विमानतळावर उतरून पुढे साडेचार तास: शोफरची गाडी ठरवताना काय विचारावं?

निघायच्या_तयारीत

आई-बाबांना घेऊन जायचंय. शेवटचं विमान एका छोट्या विमानतळावर रात्री पावणेदहाला उतरतं आणि मुक्कामाचं ठिकाण तिथून गाडीने साडेचार तासांवर आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन काही महिनेच झालेत, त्यामुळे बस किंवा मधेच गाडी बदलणं नको. शोफरसकट चांगली गाडी घ्यायची हे नक्की, थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील. पण साइट बघाव्यात तर सगळीकडे तेच: लेदरच्या सीट, पाण्याच्या बाटल्या, वायफाय, सुटातला माणूस. यातून निवड कशी करायची? नेमकं काय विचारू?

बुकिंग_डेस्क

बरीच वर्षं अशाच गाड्यांच्या बुकिंग डेस्कवर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळ्यात आधी विचारा, गाडी कुठून येणार आहे?

छोट्या विमानतळाजवळ भारीतल्या गाड्या सहसा नसतात, कारण तिथे तेवढं गिऱ्हाईकच नसतं. गाडी बहुतेक वेळा एखाद्या मोठ्या शहरातून रिकामी येते, तुम्हाला सोडते आणि रिकामी परत जाते. भाडं फुगलेलं दिसतं ते या रिकाम्या फेऱ्यांमुळे, आणि त्यात गैर काही नाही. मला काळजी वाटते ती ड्रायव्हरची. समजा तो सकाळी सहाला उठलाय. तीन तास चालवत विमानतळावर आला. विमान तासभर उशिरा आलं, मग बॅगा, व्हीलचेअर. तुम्ही गाडीत बसेपर्यंत साडेअकरा. म्हणजे तो साडेसतरा तास जागा आहे आणि तुमचा रस्ता अजून सुरूही झालेला नाही. १७ ते १९ तास सलग जागं राहिलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखा किंवा त्याहूनही मंद वागतो, हे अभ्यासांत दिसलंय. त्यात तुम्ही पोहोचणार पहाटे चारला. शरीराला झोप सर्वात जास्त ओढते ती नेमकी हीच वेळ.

युरोपात मोठ्या बस-ट्रकच्या ड्रायव्हरला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटं थांबावंच लागतं, तशी नोंदही होते. ड्रायव्हर धरून नऊ जणांपर्यंतच्या गाड्या मात्र या नियमात येत नाहीत. म्हणजे तुमच्या गाडीचं सगळं कंपनीच्या शिस्तीवर आलं. म्हणून स्पष्ट विचारा: त्या दिवशी त्याची आधी दुसरी फेरी आहे का? तो विमानतळाजवळ येऊन झोप काढणार आहे का? तुम्हाला सोडल्यावर तिथेच मुक्काम करणार की पहाटे चारला परत फिरणार? ज्या कंपनीला हे माहीत असतं ती लगेच सांगते. 'आमचे सगळे ड्रायव्हर अनुभवी आहेत' एवढंच उत्तर आलं तर पुढची कंपनी बघा.

दुसरं, विमान वळवलं गेलं तर काय? छोट्या विमानतळावर बहुधा एकच धावपट्टी असते, आणि विमानाला धावपट्टीकडे आणणारी यंत्रणा साधी, म्हणजे कॅटेगरी वनची असेल तर दृश्यमानता साधारण ५५० मीटरच्या खाली गेल्यावर उतरता येत नाही. मी ड्युटीवर असताना एकदा धुक्यात हेच झालं. ड्रायव्हर अंधाऱ्या टर्मिनलबाहेर नावाची पाटी घेऊन उभा, आणि म्हातारं जोडपं भलत्याच शहरात उतरून मला फोन करतंय. कंपनीच्या अटींत यावर एक ओळही नव्हती, त्यामुळे अर्धा तास गाडी पाठवायची की नाही यावरच गेला. तुम्ही हे आधीच लिहून घ्या: कोणत्या विमानतळापर्यंत गाडी येईल आणि जादा किती पडेल.

फ्लाइट नंबर शेवटच्या टप्प्याचा द्या. लोक पहिल्या विमानाचा देतात आणि मग ऑफिसात भलतंच विमान बघत बसतात. वेटिंग ठरलेल्या वेळेपासून मोजणार की प्रत्यक्ष उतरल्यापासून, तेही विचारून घ्या.

आणि माझं मत विचाराल तर त्या रात्री निघूच नका. विमानतळाजवळ झोपा, सकाळी नाश्ता करून निघा. आई-बाबांना रस्ताही दिसेल.

डिकीत_मावेना

'बिझनेस सेदान' बुक कराल तर मॉडेलची चौकशी करा. मर्सिडीज ई-क्लासची डिकी ५४० लिटरची आहे, पण तीच गाडी प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत चार्ज करायची मोठी बॅटरी असलेली) आली तर बॅटरीमुळे ३७० लिटरच उरते. तुम्ही तिघं, मोठ्या बॅगा आणि वर वॉकर, हे त्यात बसणार नाही.

फिजिओ_ताई

गुडघ्याचं वाचलं म्हणून लिहिते. सेदानची सीट खाली असते, उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. व्हॅनची सीट उंच असते, पण चढायला पायरी लागते. त्यामुळे फोटोवर जाऊ नका, आईंना आत्ता किती उंच पायरी चढता येते ते बघा आणि कंपनीला तसं सांगा. बऱ्याच व्हॅनमध्ये समोरासमोर सीट लावलेल्या असतात, तिथे पाय लांब करायला जागा उरत नाही आणि उलट्या तोंडाने बसणाऱ्याला मळमळतं. सगळ्या सीट पुढे तोंड करून लावायला सांगा. बहुतेक गाड्यांत होतं ते.

आणि विमानातले तास वेगळे धरू नका. चार तासांहून जास्त बसून प्रवास झाला की पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अहवालात आहे. हे गाडी-बसलाही लागू आहे. त्यांच्या सर्जनना आधी विचारा, पायाला घट्ट दाबणारे मोजे किंवा औषध हवंय का. रस्त्यात दर तासा-दीड तासाला थांबा ठरवा आणि तो बुकिंग करतानाच सांगा, म्हणजे ड्रायव्हर जागा हेरून ठेवतो.

निघायच्या_तयारीत

सगळ्यांचे खूप आभार. दोन कंपन्यांना फोन केले. एकीने गाडी कुठून येते हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. दुसरीकडच्या बाईंनी स्वतःहून सांगितलं, की ड्रायव्हर दुपारीच येऊन झोपतो आणि सोडल्यावर त्याची तिथेच खोली असते. शेवटी रात्रीचा मुक्काम करून सकाळी नऊला निघायचं ठरवलं. मग ड्रायव्हरही त्याच सकाळी निघून येणार का?

बुकिंग_डेस्क

नऊला निघायचं तर तीन तासांवरून यायला त्याला पहाटे सहाच्या आत निघावं लागेल, म्हणजे साडेचारला उठणं आलं. आदल्या रात्रीच यायला सांगा, किंवा तुम्ही साडेदहाला निघा. आणि दोन्हीपैकी जे ठरेल ते ईमेलमध्ये येऊ दे, फोनवरच्या बोलण्यावर ठेवू नका.