नोकरी कोणाला, नाणी किती: समर्थित खरा विश्वास म्हणजे ज्ञान का?

तर्कटी
गोष्ट खरी आहे, आपण ती मानतो आणि मानायला सबळ कारणही, म्हणजे समर्थनही, आहे. एवढं जमलं की ते ज्ञान, अशी व्याख्या आपल्याला शिकवतात. तत्त्वज्ञ एडमंड गेटियरने १९६३ साली जेमतेम तीन पानांत तिची हवा काढली. स्मिथ आणि जोन्स एकाच नोकरीचे उमेदवार. कंपनीचा अध्यक्ष स्मिथला खात्रीने सांगतो, जोन्सलाच घेणार. जोन्सच्या खिशातली दहा नाणी स्मिथने स्वतः मोजलीत. म्हणून त्याचा निष्कर्ष: 'ज्याला नोकरी मिळेल त्याच्या खिशात दहा नाणी आहेत.' नोकरी मिळते स्मिथलाच, आणि त्याच्याही खिशात दहाच नाणी असतात. त्याचा त्याला पत्ता नसतो. तिन्ही अटी पुऱ्या. पण ही नुसती बोलाफुलाला पडलेली गाठ. याला ज्ञान कसं म्हणायचं?

मुद्देसूद
असहमत. घोळ व्याख्येत नाही, समर्थनात आहे. 'जोन्सला नोकरी मिळणार' हे मधलं विधानच खोटं. खोट्यावरून काढलेल्या निष्कर्षाला मी समर्थित म्हणतच नाही. विषय संपला.

तर्कटी
एवढ्यात कुठे संपतो! तत्त्वज्ञ गोल्डमनचा १९७६चा लेख बघा. हेन्री गाडीतून जाताना शेतातलं कोठार बघतो. त्या भागात कोठारांचे नुसते दर्शनी देखावे उभे केलेत, मागे काही नाही. याने पाहिलं ते नेमकं खरं निघालं. नजर ठीक, मधे कुठलं खोटं विधान नाही. त्याला माहीत होतं?

मुद्देसूद
हो, होतं! समोर कोठार, डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या शेतात काय उभं आहे याच्याशी त्याला काय देणंघेणं?

खवचट काकू
गेटियरचं एवढं कौतुक कशाला? आपल्याकडच्या श्रीहर्ष या वेदान्ती पंडिताने बाराव्या शतकातच विचारलं होतं: मुठीत कवड्या किती, 'पाच' असं ठोकून दिलं आणि पाचच निघाल्या, तर ती प्रमा, म्हणजे खरं ज्ञान, का?

तर्कटी
काकू, ठोकून दिलं म्हणजे समर्थनच नाही. गेटियरच्या जवळ जातो तो आठव्या शतकातला बौद्ध तत्त्वज्ञ धर्मोत्तर. मांस भाजायला विस्तव पेटवलाय, धूर अजून निघालेला नाही, पण किड्यांचा थवा जमलाय. लांबून पाहणारा त्यालाच धूर समजतो आणि म्हणतो, तिथे आग आहे. आग आहेच!

मध्यममार्गी
आपल्याकडचे विचार गेटियरशी जोडा, पण जपून. तर्कसंग्रह या न्यायशास्त्राच्या ग्रंथात प्रमा म्हणजे यथार्थ अनुभव, जसं आहे तसं कळणं. समर्थन ही वेगळी अट तिथे नाही. शिवाय अनुभव ही त्या क्षणाची घटना, मनात टिकून राहिलेला विश्वास नव्हे. आणि प्लेटोच्या नावावर ही व्याख्या खपवतात, पण त्याच्या 'थिएटेटस' या संवादात तिच्याशी मिळतीजुळती व्याख्या येते ती शेवटी नाकारलीच जाते.

मुद्देसूद
बरं, तीन अटी पुरत नसतील तर चौथी कोणती ते तरी सांगा. तत्त्वज्ञ झॅगझेब्स्कीने १९९४ साली दाखवलं, की समर्थन असूनही विश्वास खोटा निघू शकतो असं धरलं तर असलं उदाहरण पुन्हा रचता येतं. मग 'हेन्रीला माहीत नाही' हे तुम्ही कोणत्या कसोटीवर सांगता?

तर्कटी
तत्त्वज्ञ नोझिकच्या, १९८१च्या: गोष्ट खोटी असती तर आपण ती मानलीच नसती, असं असेल तरच ते ज्ञान. त्या जागी खरं कोठार नसतं तर देखावाच असता, आणि हेन्री तितक्याच खात्रीने 'कोठार' म्हणाला असता. तत्त्वज्ञ क्रिप्कीने या कसोटीलाही भोकं पाडलीत, मान्य. पण तुमच्या तीन अटींना तर हेन्रीत काही खटकतच नाही.