सकाळची बातमी, दुपारचा तास : तुमचे अनुभव सांगा

पाटीपेन्सिल
काल जुना लॅपटॉप भंगारात द्यायच्या आधी उघडला, तर 'परिपाठ' नावाचं फोल्डर. वेगवेगळ्या साइट्सच्या ताज्या बातम्या (फीड्स) एका जागी दाखवणारं गुगल रीडर 1 जुलै 2013 ला बंद पडलं, त्याआधी घाईघाईत उतरवून ठेवलेली माझ्या फीड्सची यादी त्यात होती. रोज पहाटे चहा उकळेपर्यंत ती चाळायची आणि एक बातमी वहीत उतरवून शाळेत न्यायची, हा नेम.

ऑगस्ट 2006 मध्ये प्लूटोचं ग्रहपद गेलं. मी उत्साहाने तक्त्यावरच्या नवव्या ग्रहावर कागद चिकटवला. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, पुस्तक बदलेपर्यंत ग्रह बदलायचे नाहीत." काढला कागद! जुलै 2015 मध्ये नासाच्या न्यू होरायझन्स यानाने प्लूटोवरच्या बदामाच्या आकाराच्या भागाचा तो फोटो पाठवला, तेव्हा त्या वर्गातल्या एका मुलाने मला तो धाडला. खाली लिहिलं होतं, "बाई, तुमचा झाकलेला ग्रह."

तुम्ही कुठून काय उचललंत? सांगा.

खडूधारी
डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइझ, डिसेंबर 2020. शाळा बंद, वर्ग व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांची परितेवाडीची जिल्हा परिषद शाळा आणि पुस्तकांतले क्यूआर कोड सांगायला मी तयार. पण आठवीतल्या पोरांनी वेगळंच धरलं. बक्षिसाच्या 10 लाख डॉलर्सपैकी निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ जणांना वाटले, म्हणजे प्रत्येकी किती? भागाकार संपेचना. 55,555.55... "सर, पाच थांबतच नाहीत." आवर्ती दशांशाचा तास फुकटात झाला.

समुद्रकाठ
आमच्या कोकणातल्या वेळास आणि आंजर्ल्याची समुद्री कासवं! जानेवारी 2022 मध्ये प्रथमा आणि सावनीच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले, पुढे गुहागरला वनश्री, रेवा, लक्ष्मी. मुलांनी एकेक वाटून घेतली होती. नकाशावर टाचण्या. मग एकेकीचा सिग्नल थांबला. लक्ष्मीवाला मुलगा आठवडाभर विचारत होता, "बाई, आज आली का रेंज?" काय सांगणार. आमच्याच शाळेत रेंज नसते.
बाकी नंतर लिहिते, खिचडीचा तांदूळ मोजायचाय.

पाटीपेन्सिल
@समुद्रकाठ, अगं ताई, डोळ्यात पाणी आणलंस.

गुरुजी_निवृत्त
मी एकदा तोंडावर आपटलो. 'युनेस्कोने आपले राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवले' हे फॉरवर्ड परिपाठाला मोठ्या आवाजात वाचलं. सातवीतली मुलगी म्हणाली, "गुरुजी, हे खोटं आहे, दादाने दाखवलंय." सगळ्या शाळेसमोर! दुसऱ्या दिवसापासून बातमी तपासायचं काम तिच्याकडेच दिलं.

खडूधारी
😂😂 गुरुजी, आमच्या ग्रुपवर ते अजून येतं. 15 ऑगस्टला हमखास.

चिंचगोळी
मला फीडचा वेगळाच प्रसाद मिळाला. सहावीच्या पचनसंस्थेच्या पाठासाठी चार दिवस शोधाशोध केली. आता दोन महिने फोन उघडला की बद्धकोष्ठतेची चूर्णं. नवरा स्क्रीन बघून म्हणतो, डॉक्टरकडे जाऊया का?

रविवारची_शाळा
न्यू जर्सीहून. इथे दर रविवारी मराठी शाळेत शिकवते. मुलांना ऑनलाइन पेपरचे मथळे वाचायला देते, गोष्टींपेक्षा त्यात जिवंत मराठी असतं. 'मुंबईत मुसळधार' वाचून एकाने विचारलं, मुसळ म्हणजे काय? झालं, तास उखळ-मुसळातच गेला. एका आजीने हाताने कांडायचा अभिनय करून दाखवला, मग मुलांनी वर्गभर पाऊस कांडला.

चिंचगोळी
कोणाला पुण्यात जुनं दगडी उखळ कुठे मिळेल माहीत आहे का? मिक्सरमध्ये लसणीची चटणी जमत नाही.

गुरुजी_निवृत्त
आमच्या गावी अंगणात पडलंय एक. दोघांशिवाय उचलत नाही. टेम्पो आणा.

समुद्रकाठ
आले. तांदूळ कमी निघाला. आता ऑनलाइन माहिती भरायचीय, आजच. तीही बातमीच की!

खडूधारी
ताई, ती बातमी आम्हाला रोज न मागता येते.