झाडांशी जुळलेलं काहीतरी : तुमचे अनुभव लिहा

मातीत_हात
काल मोगऱ्याची कुंडी बदलायला घेतली. रोप उपडं करून मुळांची माती झटकली आणि त्या ओल्या वासासरशी आई समोर उभी राहिली. तिचं खुरपं, तिचं ते पुटपुटणं. "काय गं, रुसलीस का", असं जास्वंदीला विचारायची. घर पाडलं तेव्हा बाग गेली, मोगऱ्याची एक फांदी तेवढी मी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती.

मी देवाधर्मातली नाही. डोळे मिटून बसायला सांगितलं तर गॅस बंद केला का हेच आठवत राहतं. पण सकाळी तण उपटायला बसले की डोक्यातली बडबड कधी थांबते कळतच नाही. लोक ध्यान म्हणतात ते हेच असेल का? तुमचं काय होतं झाडांजवळ? लिहा, कितीही फुटकळ असलं तरी.

घाईत_आहे
छान धागा. रात्री निवांत लिहिते.

उन्हाची_गॅलरी
आमचा अनंत. बाबा गेले त्या वर्षी फुललाच नाही. कळ्या धरायचा आणि हिरव्या असतानाच टाकायचा. आई म्हणाली त्याला कळलंय. दुसऱ्या वर्षी फुलला, मग आई रडली, तोवर रडली नव्हती.

शंकासुर
भावना दुखवायच्या नाहीत, पण अनंत मुळातच नखरेल. पाण्याची वेळ बदलली, जागा हलवली, माती जरा सुकली की कळ्या टाकतो. त्या वर्षी पाणी घालणारा माणूस बदलला असेल.

उन्हाची_गॅलरी
हो, तेच तर म्हणतेय. पाणी घालणारा माणूस बदलला.

शंकासुर
… बरं. हरलो.

कलमबहाद्दर
@मातीत_हात, फांदी लावून वाढवलेलं रोप म्हणजे मूळ झाडाचं पोर नव्हे बरं का. बी रुजून आलं तर ते पोर, त्यात दोन झाडांची सरमिसळ असते. छाट कलमात जनुकं तीच, म्हणजे झाड तेच, फक्त पत्ता बदललेला. आईनं ज्याला पाणी घातलं तोच मोगरा तुमच्याकडे आहे. यात अध्यात्म नाही, निव्वळ वनस्पतिशास्त्र आहे, तरी मला दर वेळी हे आठवलं की अंगावर काटा येतो.

बाकी कुणाला मोगरा करायचा असेल तर पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या, कोवळी नको. दोन-तीन डोळे (पान फुटतं त्या गाठी) हवेत, खालच्या डोळ्याच्या जरा खाली तिरका काप, खालची पानं काढून टाका. सावलीत ठेवा. आणि रोज उपटून मुळं आली का बघू नका!!

मातीत_हात
हे मला माहीतच नव्हतं. जरा वेळानं येते परत.

हसरी_सदाफुली
आमचे हे रोज सकाळी झाडांशी बोलतात. काय म्हणतेस, बरी आहेस ना, आज ऊन फार आहे वगैरे. माझ्या वाट्याला "हं" एवढंच 😀

वेंधळा
तुम्हीही दोन दिवस पानं पिवळी करून बघा.

हसरी_सदाफुली
खतच घालतील हो ते. 😂

घाईत_आहे
आले. सासूबाईंबद्दल लिहायचं होतं. त्यांना आता नावं आठवत नाहीत. मी कोण हेही रोज ठरत नाही, कधी बहीण, कधी कामाला आलेली बाई. जेवल्या की नाही तेही विचारावं लागतं. पण बागेत नेलं की हातांना सगळं आठवतं. गुलाबाचं सुकलेलं फूल खुडताना बोटं आपोआप खाली सरकतात, पाच पानांच्या डहाळीपर्यंत, आणि बरोबर तिथेच खुडतात. शेजारच्या कळीला धक्का नाही. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, त्यांचं बघून शिकले. झारी जड होते म्हणून छोटा मग दिलाय. एकाच कुंडीला परत परत पाणी घालतात, मग ती कुंडी मी हळूच सरकवून दुसरी पुढे करते. अर्धा तास आम्ही दोघी एक शब्द बोलत नाही आणि त्या अर्ध्या तासात त्यांना काहीच विसरलेलं नसतं. माझी पूजा म्हणा, प्रार्थना म्हणा, एवढीच.

कुकर झाला. जाते.

उन्हाची_गॅलरी
❤️ कुंडी सरकवणं.

रात्रपाळी
मी रुग्णालयात काम करतो. खिडकीतून झाड दिसणाऱ्या खाटेसाठी लोक हट्ट धरतात, पूर्वी मला ते लाड वाटायचे. मग रॉजर उलरिच यांचा १९८४ सालचा शोधनिबंध वाचला, 'सायन्स'मध्ये आलेला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी, निम्म्यांना खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांना विटांची भिंत. झाडं दिसणारे लवकर घरी गेले आणि जोरकस वेदनाशामकंही त्यांना कमी लागली. ४६ म्हणजे काही फार मोठा आकडा नाही. पण आता कुणी खिडकी मागितली आणि खाट रिकामी असली तर मी वाद घालत नाही.

लाजाळू_नाही
झाडांशी बोलणाऱ्यांची चेष्टा नको हं. जगदीशचंद्र बोस लाजाळूवर प्रयोग करत होते तेव्हा त्यांनाही लोक हसलेच होते. झाडाची वाढ सुमारे १०,००० पट मोठी करून दाखवणारं क्रेस्कोग्राफ नावाचं यंत्र बनवलं त्या माणसानं.

आणि आता तर २०२३ मध्ये तेल अवीव विद्यापीठाच्या लोकांनी ध्वनिमुद्रणच केलंय. तहानलेली किंवा कापलेली टोमॅटोची झाडं तासाला ३० ते ५० टकटक आवाज काढतात. पाणी मिळालेली झाडं जवळजवळ गप्प. आपल्याला ऐकू येत नाही कारण आवाज ४० ते ८० किलोहर्ट्झचा आणि आपले कान २० च्या आसपास संपतात.

शंकासुर
आवाज येतो हे खरं, पण ते रडणं नव्हे. पाणी तुटलं की खोडातल्या नळ्यांत हवेचे बुडबुडे फुटतात, त्याचा आवाज असावा असं संशोधकच म्हणतात. झाडाला मेंदू नाही, आपल्याशी नातं वगैरे तर सोडाच. नातं आपल्याकडून असतं, एकतर्फी. मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. ज्याला आपली गरज आहे पण आपलं कौतुक नाही अशा कुणाची तरी रोज काळजी घ्यायची, याहून मोठी साधना कोणती?

लाजाळू_नाही
म्हणजे किशोरवयीन मुलं 🙄

शंकासुर
मुलं निदान उलटून बोलतात.

वेंधळा
मला कधीच काही आध्यात्मिक वाटलेलं नाही. गोगलगायींनी एका रात्रीत झेंडूची सगळी रोपं बुडापासून खाल्ली त्या सकाळी माझ्या मनात आलेले विचार कुठल्याच संताला शोभले नसते. आता टॉर्च घेऊन रात्री वेचतो. बायको म्हणते चोर समजून कुणीतरी धरेल.

पण खरं सांगू का, त्या टॉर्चमुळेच रातफुलीचा निवडुंग उमलताना पाहिला. रोज सकाळी लोंबलेलं फूल बघून हा उगाच जागा अडवतो म्हणायचो. अंधारात ते पाकळी पाकळी सुटत होतं आणि वास असा, की गोगलगायींची बादली हातात तशीच राहिली. पतंगांसाठी उमलतं ते, माझ्यासाठी नाही, हे ठाऊक आहे. तरी खुर्ची आणून बसलो.

हसरी_सदाफुली
आणि गोगलगायी?

वेंधळा
निम्म्या पळाल्या. म्हणजे त्यांच्या परीनं.

मातीत_हात
सगळं वाचलं, काही दोनदा. सासूबाईंचं वाचून फोन ठेवला आणि जरा बाहेर जाऊन आले. @शंकासुर, एकतर्फी असेलही. आईला जास्वंदीनं कधी उत्तर दिलं नाही, तिनं विचारायचं सोडलं नाही.

नवी_कुंडी
मध्येच विचारते, माफ करा. जास्वंदीवर कापसासारखं पांढरं काहीतरी बसलंय, पानाच्या बेचक्यात. फोटो चढत नाहीये. काय करू

कलमबहाद्दर
मिलीबग, पिठ्या ढेकूण. आधी जोरात पाण्याचा फवारा मारा, मग जुन्या टूथब्रशनं खरवडा. निंबोळी तेल आणि साबणाचे दोन थेंब पाण्यात घालून संध्याकाळी फवारायचं, उन्हात नाही, पानं करपतात. खोडावर मुंग्यांची रांग आहे का?

नवी_कुंडी
आहे. खूप. त्यांचा काय संबंध?

कलमबहाद्दर
मिलीबग गोड चिकटा सोडतात, त्यासाठी मुंग्या त्यांना राखतात आणि एका फांदीवरून दुसरीवर नेतात. मुंग्या थांबल्या नाहीत तर फवारून उपयोग नाही, परत येणार. कुंडीचा काठ भिंतीला टेकलाय का बघा, तिथूनच चढत असतील.

नवी_कुंडी
टेकलाय 😐 सरकवते