पावसाळ्यात पिस्तुलाची स्लाइड अडकते ती गंजाने नाही, आपण ओतलेल्या तेलाने!

खाडीकाठ:
स्पष्टच लिहितो, राग आला तर येऊ दे. आपल्या रत्नागिरी-मालवण पट्ट्यात जून लागला की पॉइंट टू टूचं (०.२२ इंची बोअरचं) टार्गेट पिस्तूल असलेला प्रत्येक जण गंजाच्या धास्तीने तेलाची बाटली उपडी करतो आणि ऑगस्टमध्ये स्लाइड (गोळी उडाली की मागेपुढे सरकणारा वरचा भाग) मधेच अडकली की "खारी हवा हो, काय करणार" म्हणत समुद्राच्या नावाने खडे फोडतो. अहो, हे पिस्तूल साध्या ब्लोबॅकवर चालतं, म्हणजे उडालेल्या काडतुसाच्या धक्क्यानेच स्लाइड मागे जाते. लॉक वगैरे काही नाही, स्लाइडचं वजन आणि स्प्रिंग एवढ्यावरच ती बंद राहते, नि तिला मागे रेटायला जोर असतो तो जेमतेम. गोळीच मुळात साधारण २.६ ग्रॅमची. नाइन एमएमच्या दणकट पिस्तुलात थोडा चिकटपणा असला तरी स्लाइड रेटून निघते, इथे नाही निघत. त्यात या गोळीला बाहेरून मेण नाहीतर ग्रीस असतं. ते मेण, शिशाची पूड, न जळलेली दारू आणि वर तुमचं जाड तेल, की झाला रेलवर, म्हणजे स्लाइड ज्यावर सरकते त्या पट्ट्यांवर, चिखल. रेल पुसून कोरड्या करा, एकेक थेंब लावा, परत फडकं फिरवा. बस.

दहाचं वर्तुळ:
उगाच तेल बदनाम करताय. स्लाइड नक्की कुठे अडते ते बघितलंत का? मागून येताना रेंगाळते, की पुढे जाऊन शेवटचे एक-दोन मिलिमीटर राहतात? दुसरं असेल तर निम्म्याहून जास्त वेळा भानगड चेंबरमध्ये, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागी असते. टार्गेट पिस्तुलाचं चेंबर आधीच तंग कापलेलं, तोंडाशी मेणाचं नि शिशाचं कडं जमतं आणि काडतूस पूर्ण बसतच नाही. मग लोक काय करतात, तर स्लाइडच्या पाठीवर तळहाताने थापट्या मारतात!! पॉइंट टू टूचा दारूगोळा पेटतो तो काडतुसाच्या बुडाच्या कडेला मार बसून, आणि ती कड नीट टेकलेली नसताना गोळी उडाली तर पुंगळी (काडतुसाचं कवच) फाटून गरम वायू मागे येतो. डोळ्यावर चष्मा असेल तर नशीब.

पाऊसपाणी:
दोघांचंही ज्ञान कोरड्या गावातलं दिसतंय. किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो हो, कपाटातले चामड्याचे पट्टे हिरवे होतात इथे. रेलवर एकदा गंजाने खड्डे पाडले की मग थेंब लावा नाहीतर पिंप ओता, ती सरळ होत नाही. मी भरपूरच तेल लावणार.

खाडीकाठ:
@पाऊसपाणी पण गंज धरतो कुठून ते तरी बघा ना. रेंजवरून घामट हाताने आलं, पिस्तूल तसंच फोमच्या पेटीत, पेटी बंद, थेट पुढच्या रविवारी उघडायची. तो फोम ओल धरून बसतो!! पेटीत सिलिका जेल ठेवा, पिस्तूल फडक्यात गुंडाळून उघड्यावर नाही पण परवान्याच्या अटीत बसेल अशा कुलपातल्या कोरड्या कपाटात ठेवा. बाहेरून तेलाचा हात फिरवा, कोण नको म्हणतंय, आतल्या सरकत्या भागात तळं नको एवढंच.

ठासणीवाला:
अरे मेल्यांनो, आधी ता काडतूस भायर काढा, मगे तेल खंयचा ता भांडा. 😄 आमच्याकडे शेतीराखणीची ठासणीची बंदूक आहे, वानर नि डुकरांसाठी. निवडणुकीत जमा करायच्या आधी आमचे आबा तिला खोबरेल चोळायचे, कधी गंजली नाही.

खाडीकाठ:
काका, तुमच्या बंदुकीत मागेपुढे सरकणारी स्लाइड आहेच कुठे. खोबरेल २४ अंशांच्या खाली आलं की थिजतं, डिसेंबरातल्या सकाळी रेंजवर गेलात तर स्लाइड जांभई दिल्यासारखी येईल.

नेम चुकला:
मला वाटतं यातलं काहीच स्वतः करू नये. अडकली की हात लावायचा नाही, आर्मररला (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याला) द्यायची. मॅचमध्ये पण तोच नियम आहे ना?

दहाचं वर्तुळ:
मॅचचा नियम वेगळ्या कारणाने आहे. २५ मीटरला सिरीज (गोळ्यांची एक फेरी) चालू असताना अडकली तर नळी टार्गेटकडेच ठेवून मोकळा हात वर करायचा आणि रेंज ऑफिसरला बोलवायचं. त्याने बघायच्या आधी तुम्ही स्लाइडला किंवा सेफ्टीला हात लावलात तर आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमात ते अलाउएबल मालफंक्शन (माफ होणारा बिघाड) धरत नाहीत, न उडालेल्या गोळ्यांना शून्य. पण म्हणून साफसफाई पण दुसऱ्याने करायची? मुंबईचा आर्मरर गाठायचा म्हणजे हायवेची हालत बघता पिस्तुलाआधी माणसाचीच स्प्रिंग जायची.

सरावात अडकली तर नळी समोर, बोट चापाच्या बाहेर, पहिल्यांदा मॅगझीन काढायचं. काडतूस उडालंच नसेल तर नळी तशीच धरून निदान अर्धा मिनिट थांबा, कधीकधी उशिराने उडतं. आवाज नेहमीसारखा न येता फुसका आला असेल तर गोळी नळीतच असू शकते, पुढची अजिबात मारू नका. आणि अडकलेली पुंगळी स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका, चेंबरच्या तोंडाला चरा पडला की तो आयुष्यभर पुंगळ्या धरून ठेवतो. एक्स्ट्रॅक्टरचं (पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचं) टोक झिजलंय किंवा स्प्रिंग बसलीये असं वाटलं तर मात्र खुशाल आर्मररकडे द्या.

नेम चुकला:
आणि मॅगझीन? परवा वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे गेली होती, स्लाइड अर्ध्यात.

दहाचं वर्तुळ:
हो, ती प्रत्येक वरची कड खालच्या कडेच्या पुढेच हवी, घाईत भरलं की होतं. तेलाचा काही संबंध नाही त्यात, @खाडीकाठ वाचताय ना.

खाडीकाठ:
वाचतोय. बरं, मग तेल की चेंबर ते कळायला एकच करून बघा: मॅगझीन बाहेर, चेंबर दोनदा डोळ्याने बघून रिकामं आहे याची खात्री, आणि स्लाइड हाताने सावकाश मागेपुढे. रिकामी असतानाही जड वाटली तर तेल, गंज किंवा स्प्रिंग. रिकामी गुळगुळीत जाते आणि काडतुसावरच अडते, तर चेंबर, मॅगझीन नाहीतर दारूगोळा. एवढ्यासाठी चाप ओढून खटखट करू नका, रिकाम्यावर फायरिंग पिन थेट चेंबरच्या कडेवर आपटू शकते.

पाऊसपाणी:
आत्ताच केलं. रिकामी असतानाच जड जाते.
तरी तेल कमी करणार नाही, स्प्रिंग बदलून बघतो.

खाडीकाठ:
🙏