कार्पेटखालची जमीन करकरते, उपाय सुचवा

एडिसनची_सई: न्यू जर्सी, 1978 चं घर. वरच्या बेडरूमच्या दारापाशी पाय पडला की कर्रर्र! तान्हं बाळ दचकून उठतं. कार्पेट काढायचं नाही, खाली हॉल आहे, त्याचं सीलिंग फोडायचं नाही. बजेट 50 डॉलर.

आबा_डॅलस: कार्पेट काढा, हार्डवूड टाका. आम्ही ओक टाकलं. आठ हजार गेले, पण येणारा प्रत्येक जण विचारतो.

खटपट्या: खिळे सैल झालेत. हीटिंगने लाकूड सुकतं, सबफ्लोअर (कार्पेटखालचं प्लायवूड) आणि जॉइस्टमध्ये (त्याला खालून पेलणारी आडवी लाकडी तुळई) फट पडते, मग पाय पडला की प्लायवूड खिळ्यावर वरखाली घासतं. स्क्रूने जॉइस्टला आवळून टाका. जॉइस्ट बहुधा 16 इंचांवर असतात. ड्रायवॉलचे (भिंती-सीलिंगला लावतात ते जिप्समचे बोर्ड) काळे स्क्रू नकोत, ठिसूळ असतात, मुंडी तुटते.

बेसमेंट_काका: खालून जा. फटीत गोंद लावलेली पाचर हाताने सरकवा. ठोकलीत तर जमीन उचलली जाऊन शेजारी नवा आवाज सुरू.

एडिसनची_सई: काका, खाली हॉल आहे. वर लिहिलंय.

बेसमेंट_काका: मग सीलिंग काढा. ड्रायवॉल स्वस्त असतं.

ओहायोतला_पुणेकर: लाकडी खोकी विकत घेतल्यावर दुसरं काय होणार? आमच्या सदाशिव पेठेत शहाबादी फरशी. हूं की चूं नाही.

आबा_डॅलस: आणि वाड्याचा जिना? रात्री उशिरा आलं की आजोबांना तिसऱ्या पायरीलाच कळायचं.

ओहायोतला_पुणेकर: जिन्याचा विषय नाही.

खटपट्या: मुद्द्यावर येऊ का? कार्पेटमधूनच मारायचे स्क्रू मिळतात, किटच असतं. स्क्रूला खाच असते. जॉइस्टमध्ये बसला की वरचा भाग मोडून काढायचा, कार्पेटवर काही दिसत नाही. बजेटमध्ये बसेल. फक्त लूपचं, म्हणजे न कापलेल्या धाग्याच्या वेटोळ्यांचं कार्पेट असेल तर जपून, धागा स्क्रूला गुंडाळून उसवत जातो.

मीपण_सांगते: ड्रायवॉलचे स्क्रू अजिबात नकोत. आणि जॉइस्टमध्येच मारा हं.

खटपट्या: तेच लिहिलंय वर.

नळदुरुस्त: आमच्या हँडीमनने नेम चुकवून स्क्रू थेट पाण्याच्या पाइपात घातला. खालचं सीलिंग फुगलं, इन्शुरन्सवाल्यांशी अजून भांडतोय. बाथरूम जवळ असेल तर विचार करा.

एडिसनची_सई: बाथरूम शेजारीच आहे. नवऱ्याने पाइपाचं वाचलं आणि ड्रिल गॅरेजमध्ये नेऊन ठेवलं. पाळणा पलीकडच्या खोलीत हलवलाय. सगळ्यांचे आभार.

खटपट्या: अहो, जॉइस्ट शोधायचा स्क्रू असतो त्या किटमध्ये!

आबा_डॅलस: पलीकडच्या खोलीत हार्डवूड छान दिसेल.