पंगसला महिनाभर खाद्य नव्हतं, मेले नाहीत पण आता अंगावर चट्टे दिसतायत

तळेवाला_संगमनेर:
नमस्कार मंडळी, आमचं प्लास्टिक कागद अंथरलेलं शेततळं आहे, त्यात पंगस (कॅटफिश जातीचा मासा) सोडलेत. खाद्यवाल्याने उधारी बंद केली, इकडे कांद्याचे पैसे अडकलेले, त्यामुळे महिनाभर तळ्यात दाणाच पडला नाही. घरचे म्हणाले मासा काय उपाशी मरत नाय, शेवाळ खाईल. मेले नाहीत हे खरं, पण डोकं मोठं आणि अंग काटकुळं असे झालेत, काहींच्या शेपटीजवळ पांढुरके चट्टे आलेत, आणि आधी हातातून सटकायचे ते आता अंगाला कोरडे लागतात. उद्या गोण्या येतायत. एकदम पोटभर टाकू का? आणि हे उपासामुळेच झालं का पाणी बिघडलंय?

गोदाकाठ:
एवढं टेन्शन नका घेऊ. आंध्रात रोहू-कटल्याची बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मुद्दाम दाटीत, कमी खाद्यावर ठेवून खुजी करतात आणि नंतर मोठ्या तळ्यात सोडली की झपाट्याने वाढतात. उपाशी मासा खाद्य मिळालं की भरून काढतो. टाका बिनधास्त.

मत्स्यवाला_रत्नागिरी:
गोदाकाठ भाऊ, आंध्राचं बरोबर आहे पण ती अर्धपोटी असतात, उपाशी नाही, आणि तळी मातीची. तिथे प्लवंग (पाण्यातले बारीक जीव) असतात, किडे असतात, तळाला काहीबाही मिळतं. कागदाच्या तळ्यात मातीचा तळच नाही, त्यातून पंगस पूर्ण गोळी खाद्यावर वाढवलेला, म्हणजे याचा खराखुरा उपास झाला.

तळेवाले, एक मासा कापून बघा. पित्ताची पिशवी फुगून गडद हिरवी झाली असेल आणि आतड्याभोवतीची चरबी गायब असेल तर उपास लांबला असं समजा. खाणं बंद झालं की मासा आधी यकृतातला साठा आणि पोटातली चरबी वापरतो, ते संपलं की स्वतःचं मांस जाळायला लागतो. थंड पाण्यात हे सगळं हळू चालतं, पण पाणी २८-३० अंश असेल तर पटापट उरकतं, म्हणून थंडीतला उपास आणि उन्हाळ्यातला उपास एका मापाने मोजू नका.

आता चट्ट्यांचं. माशाला आपल्यासारखा हाडातला मगज नसतो, रक्तपेशी मुख्यतः किडनीच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात, स्प्लीनचाही (प्लीहेचाही) त्यात हात असतो. लांब उपासात स्प्लीन आक्रसते, ताणाचं हार्मोन कॉर्टिसॉल वाढू शकतं आणि ते प्रतिकारशक्ती दाबतं. पण मोठा फटका बसतो तो अंगावरच्या बुळबुळीला. त्या बुळबुळीत लायसोझाइमसारखे जंतू मारणारे पदार्थ असतात, आणि पंगसला खवलेच नाहीत, म्हणजे तीच त्याची ढाल. अमेरिकेत कॅटफिशवर हेच तपासलंय, आठवडाभर उपाशी ठेवलेले मासे कॉलम्नॅरिस या जिवाणूच्या रोगाला जास्त बळी पडले. तुमचे चट्टे त्याच रोगाचे वाटतात, पण नुसतं वाचून खात्रीने सांगणार नाही. पाण्याचा अमोनिया आणि ऑक्सिजन मात्र आजच तपासा.

सिॲटलकर:
शेतीतलं कळत नाही, पण आमच्याजवळ इसाक्वाच्या हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) सप्टेंबर-ऑक्टोबरात सामन मासे समुद्रातून परततात ते बघायला जातो. हा मासा नदीत शिरला की खाणं सोडतो, आणि वर येईपर्यंत बऱ्याच जणांच्या अंगावर कापसासारखी बुरशी चढलेली असते. अर्थात तिथे हार्मोन्सचाही खेळ आहे, नुसत्या उपासाचा दोष नाही.

गोदाकाठ:
मग वाहतुकीआधी उपाशी ठेवतात ते काय चुकीचं?

मत्स्यवाला_रत्नागिरी:
ते एक-दोन दिवसांचं असतं हो, पोट रिकामं झालं की वाहतुकीच्या पिशवीत घाण आणि अमोनिया कमी होतो. ढगाळ हवेत ऑक्सिजन पडला की एक-दोन वेळचं खाद्य बंद ठेवतात तेही बरोबरच. महिन्याची गोष्ट वेगळी.

तळेवाला_संगमनेर:
कापला एक. पित्त अक्षरशः काळं-हिरवं, आतडं दोऱ्यासारखं. आता खाद्याचं आणि औषधाचं सांगा, कृषी केंद्रवाला अँटिबायोटिक देतोय.

मत्स्यवाला_रत्नागिरी:
ती पुडी राहू द्या. रोग कुठला ते कळल्याशिवाय अँटिबायोटिक टाकू नका, मत्स्यव्यवसाय खात्याच्या माणसाला नाहीतर जवळच्या मत्स्य महाविद्यालयाला जिवंत आजारी मासा दाखवा, मेलेला नेऊन उपयोग नाही, तासाभरात सडतो.

खाद्य: आतडं बारीक झालंय, एकदम भरलं तर पचणार नाही, उरलेलं पाण्यात कुजेल आणि अमोनिया वाढेल. पहिले दोन-तीन दिवस रोज माशांच्या एकूण वजनाच्या १ टक्का, तेही दोन वेळेला वाटून, आणि वजन आत्ताचं धरा, महिन्यापूर्वीचं नको, थोडेच मासे काढून मोजा. आठ-दहा दिवसांत हळूहळू २-३ टक्क्यांवर न्या. पंधरा मिनिटांत संपलं नाही तर पुढच्या वेळी कमी करा. मोठे मासे सगळं खाऊन टाकतात, म्हणून एका कोपऱ्यात न टाकता सगळीकडे पसरून टाका. आणि महत्त्वाचं, उगाच जाळं ओढू नका, आधीच ढाल गेलीये, जाळ्याने घासलं की जंतूंना दारच उघडून दिलं.

तळेवाला_संगमनेर:
व्यापारी म्हणतोय आत्ताच काढून टाक, देऊ का?

मत्स्यवाला_रत्नागिरी:
आत्ता काढले तर वजनात मार खाल आणि भावातही, उपाशी माशाच्या मांसात पाणी वाढलेलं असतं, तव्यावर टाकलं की कळतं. चट्टे वाढत नसतील तर महिना-दीड महिना खाऊ घाला आणि मग बघा. रोज मेलेले मासे दिसायला लागले तर मात्र वाट बघू नका, लगेच माणूस बोलवा.